पेन्सिलीने लिहिलेले श्वास

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठकी,

'प्रिय' लिहीत नाही, तुला खोटं वाटेल. चार वर्षांनी लिहिते आहे ते भांडायलाच. फोनच करणार होते, पण माझा नंबर तू बंद करून टाकलास हे दोनदा लावून बघितल्यावर कळलं. पत्ता बाईंच्या मुलाकडून घेतला. तुझी निळी शाल इथे खुर्चीवर राहिली आहे, ती पाठवायची आहे असं त्याला सांगितलं.

आधी मला एवढंच सांग, वहीत पेन्सिलीने हे काय करून ठेवलं आहेस?

आज सकाळी आठला मी इथे हजर झाले. मुलाने बाईंची खोली दाखवली, औषधांचा डबा दाखवला आणि वही हातात दिली. "तुमच्या बहिणीने फार व्यवस्थित ठेवलंय सगळं, सिस्टर," म्हणाला. मी पानं उलटली. एक तारखेपर्यंत पेनाने लिहिलेलं, ताप, नाडी, बीपी, श्वास, सकाळ-संध्याकाळ. त्यात नाव ठेवायला जागा नाही. दोन तारखेला तू नवऱ्याच्या बदलीच्या गावी गेलीस, तिथे मुलाचं अक्षर आहे आणि श्वासाचा रकाना रिकामा. इथवर ठीक. पण उद्यापासून, म्हणजे चार तारखेपासून पार वीसपर्यंत, श्वासाच्या रकान्यात तुझ्या मुंगीच्या पायांसारख्या अक्षरात पेन्सिलीचे आकडे. बाकीचे रकाने कोरे!

सव्वीस वर्षं वॉर्डात काढली मी. पुढच्या दिवसांचे आकडे आधीच भरून मोकळ्या होणाऱ्या पोरी पाहिल्या आहेत आणि त्यांची चांगली हजेरीही घेतली आहे. त्यांचा हात पहिल्यांदा श्वासाच्या रकान्यावरच पडतो. तापाला थर्मामीटर लागतं, बीपीला पट्टा लागतो. श्वासाला नुसतं एक मिनिट लागतं, ते कोणी देत नाही. सगळ्या डोळे मिटून अठरा लिहितात.

पण तुला मी हाताला धरून शिकवलं होतं. बोटं मनगटावर ठेवायची, म्हणजे पेशंटला वाटतं नाडी बघतायत. नजर छातीवर. पूर्ण मिनिट. त्याला कळलं की तो श्वास सांभाळायला लागतो आणि मग मोजण्यात काही राम राहत नाही. हे सगळं विसरलीस?

मुलाला मी काही बोललेले नाही. घरची अब्रू म्हणून समज. तूच माझं नाव सुचवलंस म्हणे, "माझ्यापेक्षा ती चांगली सिस्टर आहे" असं म्हणालीस. हा टोमणा होता की खरंच, तेही कळव.

ताई


७ फेब्रुवारी, शनिवार

ठकी,

उत्तर नाही. तुझा स्वभाव जुनाच आहे.

बाई मला आवडल्या. पहिल्या दिवशीच त्यांनी माझी वही मागितली, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "तुमचा सात नऊसारखा दिसतो. असं लिहिणाऱ्या मुलींना मी दहा वेळा लिहायला लावायचे." पस्तीस वर्षं गणित शिकवलं आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, ते अजून अंगातून गेलेलं नाही. खुब्याचं हाड मोडून सहा आठवडे झाले, ऑपरेशन चांगलं झालं, पण पलंगावरून उतरायचं म्हटलं की लहान मुलासारखं तोंड फिरवतात. तुला हे सगळं ठाऊक आहे, मी कशाला सांगते आहे कोण जाणे. खिडकीखालच्या चाव्यांच्या दुकानातलं ते यंत्र दिवसभर किरकिरतं, त्याचा तुला त्रास व्हायचा का? मला आता त्याशिवाय करमत नाही.

काल मोजत होते तर एकदम म्हणाल्या, "हात माझा धरता आणि बघता पोटाकडे. मी काय गरोदर आहे?" मी इतकी हसले की मोजणी चुकली, परत सुरुवात करावी लागली.

आता ऐक, आणि हसू नकोस.

चार तारखेला सकाळी मी मोजले, सतरा आले. तुझ्या पेन्सिलीत सतरा. संध्याकाळी अठरा आले, पेन्सिलीत अठरा. मी म्हटलं असेल, माणसाचा श्वास याच्याच आसपास असतो. पाचला अठरा आणि सतरा. सहाला एकोणीस आणि अठरा. आज सकाळी एकोणीस, आत्ता संध्याकाळी परत एकोणीस. सगळे जुळले, एकही इकडचा तिकडे नाही.

आणखी एक. खोटे आकडे मला वासावरून कळतात. कामचुकार पोरी अर्धा मिनिट मोजतात आणि दुप्पट करतात, त्यामुळे त्यांच्या रकान्यात कधी विषम आकडा सापडत नाही. अठरा, वीस, सोळा, परत अठरा. तुझ्या पेन्सिलीत सतरा आहेत, एकोणीस आहेत, पुढे एकवीस आहेत. हे आकडे पूर्ण मिनिट मोजल्याशिवाय हाती लागत नाहीत. पण उद्याचं मिनिट तू आज कसं मोजलंस?

योगायोग असेल. तू नुसतं कळव की मनाने लिहिलेस, म्हणजे मी निवांत होते.

ताई


११ फेब्रुवारी, बुधवार

ठकी,

आठ तारखेला मी खोडरबर आणलं आणि सगळं खोडलं. म्हटलं, मन वाईट असतं. आकडा डोळ्यासमोर असला की एखादा श्वास कमी-जास्त धरला जातो. पुढचे आकडे मी पाठ केलेले नाहीत. पहिल्या दिवशी ओझरते दिसले तेवढेच. शेवटचं पान मात्र लक्षात राहिलं आहे, कारण वीस तारखेच्या घरात तीन आकडे दाटीने लिहून पुढे नुसती एक रेघ ओढली आहेस.

खोडल्यावर मी मोजायची आणि पेनाने लिहायची. मग पान खिडकीशी तिरकं धरायची. तू पेन्सिल दाबून लिहितेस, कागदावर चर राहतो. आठच्या संध्याकाळी मला वीस आले, चर वीस. नऊला वीस आणि एकोणीस, चरही तेच. काल एकवीस आणि वीस. पान तिरकं धरायच्या आधी मी आता देवाचं नाव घेते, आणि मी कोण आहे ते तुला माहीत आहे, मी मेलेल्या माणसाच्या तोंडातली कवळी काढून धुऊन ठेवणारी बाई आहे.

आज सकाळी मुलाला बोलावलं. त्याला वहीचं काही सांगितलं नाही. म्हटलं, "साहेब, मला चष्म्याचा त्रास होतोय, जरा आईंचे श्वास मोजता का? छाती वर गेली की एक." तो बिचारा कामाचा फोन ठेवून आला, घड्याळ लावलं आणि ओठ हलवत मोजत बसला. बाई झोपलेल्या होत्या. मी दाराकडे तोंड करून उभी राहिले.

"एकवीस," तो म्हणाला. "बरोबर आहे का, सिस्टर?"

मी पान तिरकं धरलं. अकरा तारीख, सकाळ. एकवीस.

"बरोबर आहे," म्हटलं.

दुपारी डॉक्टरांना फोन लावला. ताप नाही, ऑक्सिजन बघायचा चिमटा पंच्याण्णव दाखवतो, नाडी जरा भरभर. "एकवीस म्हणजे काही फार नाही हो," म्हणाले. "म्हातारं माणूस आहे, पडून पडून घाबरतं. तुम्ही उगाच काळजी करता." त्यांना मी काय सांगणार? माझ्या बहिणीच्या पेन्सिलीला भिते असं?

ठकी, आता मी भांडत नाही. हे आकडे कुठून आणलेस ते सांग. संध्याकाळचे मोजून झाले आहेत, बावीस. पान तिरकं धरायचं अजून बाकी आहे. हे पत्र पाकिटात घातल्यावर धरीन.

ताई


१४ फेब्रुवारी, शनिवार

ताई,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर देणार नव्हते. तिसरं वाचून लिहायला बसले.

ते आकडे आईचे आहेत.

तिच्या शेवटच्या सतरा दिवसांचे. तू शिकवलंस तसेच मोजले होते, मनगट धरून, पूर्ण मिनिट, सकाळ-संध्याकाळ. कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायची. ते कॅलेंडर अजून माझ्या ट्रंकेत आहे. कधी कोणी बघायला मागितलं नाही.

बाईंना काही झालेलं नव्हतं गं. मी निघाले तेव्हा त्यांचा श्वास सोळा-सतरा होता, खणखणीत. मुलाने विचारलं, तुमच्या ओळखीत दुसरी कोणी सिस्टर आहे का, तर तोंडातून तुझंच नाव गेलं. मग वाटलं, म्हणजे ही वही तुझ्या हातात पडणार. पुढच्या तारखांचे आकडे बघून तुझं डोकं फिरेल आणि शिव्या द्यायला का होईना, तू मला हाक मारशील. दुसरं काही लिहून ठेवता आलं असतं. पण आईचे आकडे एकदा तरी तुझ्या डोळ्यांखालून जावेत असं फार दिवस मनात होतं. पेन्सिलीने लिहिले, कारण तू खोडशील हे माहीत होतं.

एवढंच केलं मी. बाकी काही केलेलं नाही, शपथेवर सांगते.

तेरा तारखेला तेवीस आहेत. त्या तेवीसचं पुढे काय झालं ते तुलाच माहीत आहे, मी लिहीत नाही.

एक विचारते. तू पत्रात लिहिलं नाहीस, पण खरं सांग. बाईंचा श्वास दर सातव्याला अडकतो का? आत घेताना, कडी लागता लागता नुसती घासून जावी तसा? आईचा अडकायचा. बाईंचा, मी होते तोवर, अडकत नव्हता.

अडकत असेल तर वीस तारखेची वाट बघू नकोस.

तुझा नंबर चालू केला आहे. पण फोन करू नकोस, मला बोलता येणार नाही.

ठकी


१७ फेब्रुवारी, मंगळवार

ठकी,

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे. गुडघ्यावर वही आणि वहीवर कागद, त्यामुळे अक्षराला नावं ठेवू नकोस.

अडकतो. नऊ तारखेपासून दर सातव्याला अडकतो. मी तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं की खरं होईल असं वाटलं. तुझं पत्र काल दुपारी आलं. ती ओळ वाचली तेव्हा मी बाईंच्या शेजारीच बसले होते, आणि वाचत असतानाच तो सातवा आला. पत्र माझ्या हातातून खाली पडलं. बाई म्हणाल्या, "कोणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही, बहिणीचं पत्र आहे." तर म्हणाल्या, "मग असं तोंड का?"

आज सकाळी एकोणतीस आले. दोनदा मोजले. पान तिरकं धरायची आता गरजच वाटली नाही, तरी धरलं. एकोणतीस.

डॉक्टरांना फोन केला. ते गाडीत होते, घाईत. "ताप?" नाही. "ऑक्सिजन?" त्र्याण्णव. "मग एकोणतीस कसे असतील? सिस्टर, तुम्ही अर्धा मिनिट मोजून दुप्पट करत असाल. त्यात चूकही दुप्पट होते. नीट मोजा, मी संध्याकाळी येऊन जातो."

मी फोन कानाला लावून उभी राहिले. खाली चाव्यांचं यंत्र चालू होतं, त्यातही मला हेच शब्द ऐकू यायला लागले. तू ओळखले असशील हे शब्द.

चार वर्षांपूर्वी तू मला फोन केलास तेव्हा मी ड्युटी बदलायच्या गडबडीत होते. तू म्हणालीस, "ताई, आईचे तेवीस येतायत. काल एकवीस होते." मी म्हटलं, "अर्धा मिनिट मोजून दुप्पट करत असशील. नीट मोज. आणि अशा बारीकसारीक गोष्टींसाठी ड्युटीवर फोन करत जाऊ नकोस." तू 'बरं' म्हणालीस आणि ठेवलास.

तेवीस हे कशाच्या दुप्पट, ठकी? वॉर्डातल्या पोरींना मी दिवसरात्र हेच सुनावत होते, विषम आकडा खोटं बोलत नाही. तू मला विषम आकडा सांगत होतीस आणि मला तो ऐकू आला नाही. ऐकू आला असं म्हटलं असतं तर मला रजा टाकावी लागली असती. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. मनातसुद्धा कधी म्हटलं नव्हतं.

आणि सगळं आटोपल्यावर मी घरी आले ती दारातच सगळ्यांसमोर म्हणाले, "हिने मला वेळेवर कळवलं असतं तर आई राहिली असती." तू भिंतीला टेकून उभी होतीस. तो फोन झाला होता असं एक अक्षर तू काढलं नाहीस. तू बोलशील म्हणून मी तेरा दिवस घाबरून होते. तू बोलली नाहीस, मग मला तुझ्याकडे बघवेना. लोकांना वाटलं, मी तुझ्यावर रागावले आहे. मीही तसंच वाटू दिलं.

तर डॉक्टरांना मी म्हटलं, "एकोणतीस हे कशाच्या दुप्पट, डॉक्टर?" ते काही तरी बोलत होते, मी फोन ठेवला.

मुलगा ऐकेना. "डॉक्टर नाही म्हणतायत आणि तुम्ही नुसत्या आकड्यावरून हॉस्पिटल म्हणता? तिला हलवताना पायाला काही झालं तर?" मी म्हटलं, "साहेब, उद्यापासून मला कामावरून काढा, पण आज आईंना न्या." आमचा आवाज वाढला असावा. आतून बाईंनी हाक मारली, "माझ्याबद्दल बोलताय तर माझ्यासमोर बोला."

आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे पलंगाशी जाऊन उभे राहिलो. बाई एक एक शब्द बोलून मध्ये श्वास घेत होत्या.

"सिस्टर, खरं सांगा. आजचा आकडा किती?"

"एकोणतीस."

"काल सकाळचा?"

"सत्तावीस."

"परवाचा?"

"पंचवीस."

बाईंनी मुलाकडे बघितलं. "पुढचा आकडा... मला काढता येतो. तुलाही येईल. गाडी बोलव."

अॅम्ब्युलन्समध्ये त्यांनी माझा हात सोडला नाही. इथे आल्यावर फोटो काढले, तपासण्या झाल्या. पडून पडून पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, त्यांचे बारीक तुकडे सुटून फुप्फुसात जाऊन बसत होते. इथला डॉक्टर म्हणाला, "श्वास कोणी तरी मोजला म्हणून सापडलं. नाहीतर म्हातारपण म्हणून सोडून दिलं असतं आणि दोन-तीन दिवसांत संपलं असतं." मुलगा माझ्या पाया पडायला लागला, मी मागे सरले. मी काही मोजून ओळखलं नव्हतं. मला आधीच सांगून ठेवलेलं होतं.

औषध चालू केलं आहे. पण ठकी, अजून तीन दिवस आहेत.

ताई


२१ फेब्रुवारी, शनिवार

प्रिय ठकी,

कालची गोष्ट सांगते. नीट क्रमाने सांगते, नाहीतर मलाच पुढे विश्वास बसायचा नाही.

अठराला सकाळी बाईंचे एकतीस होते. वहीप्रमाणेच. एकोणीसला मी खाटेशेजारच्या यंत्राकडे बघितलंच नाही, मनगट धरलं आणि मोजले. सव्वीस. तुझ्या चरात चौतीस. परत मोजले, सव्वीस. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा आकडा चुकला होता.

काल, वीसला, त्यांना बायकांच्या वॉर्डात हलवलं. सहा खाटा, मधे हिरवे पडदे. सकाळी दहाला बावीस आले, आणि सातव्याला काही अडकलं नाही. मी एकविसाव्या श्वासापर्यंत कान लावून बसले, नुसता साधा श्वास. बाईंनी चहा मागितला, तो पाणचट आहे म्हणून तक्रार केली. मुलगा अंघोळीला घरी गेला. मी म्हटलं, सुटलो.

तेवढ्यात पडद्याच्या पलीकडून ऐकू आलं. कडी लागता लागता घासून जावी तसं.

मी मोजायला नको होतं. सवय वाईट. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बारावर होता, तो परत बारावर येईपर्यंत मोजलं. छत्तीस, वीस तारखेच्या घरातला तुझा पहिला आकडा. दर सातवा अडकत होता.

मी पडदा सारला. साठी उलटलेली बाई, मी तिला आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. सकाळी शेजाऱ्यांनी आणून दाखल केली होती. एकटीच राहायची, घरात पडलेली सापडली. मुलगी परगावाहून निघाली आहे, एवढंच वॉर्डातल्या सिस्टरला माहीत होतं. मी तिला हाक मारली, डॉक्टर धावत आले, मास्क लावला, सुया टोचल्या, पाऊण तास झटले. मग मोठे डॉक्टर हातमोजे काढत सिस्टरला हळूच म्हणाले, "मुलगी कुठवर आली ते विचारा." त्या सिस्टरवर दोन खोल्यांतले पेशंट होते. ती फोनकडे गेली आणि मी तिथल्या स्टुलावर बसले.

मला उठून जाता आलं असतं. माझी पेशंट पलीकडे चहा पीत होती, धडधाकट. मी मनगट धरलं आणि पूर्ण मिनिट मोजलं. बारा.

बाराच्या पुढे काय आहे ते मला माहीत होतं. वही पिशवीत होती, काढली नाही.

पलीकडून बाईंनी विचारलं, "सिस्टर, कुठे आहात?" मी म्हटलं, "इथेच आहे, शेजारी." त्या काही समजून गेल्या असाव्यात, परत हाक मारली नाही.

मिनिटाला आठच श्वास उरले तेव्हा त्या बाईने डोळे उघडले. सरळ माझ्याकडे बघितलं. मास्कच्या आतून, अगदी रोजचं बोलल्यासारखं म्हणाली, "आलीस?"

मी म्हटलं, "आले."

तिने हात थोडा दाबला. त्यानंतर मी जे मोजलं ते लिहीत नाही, तू ते मोजलेलं आहेस.

मुलगी चाळीस मिनिटांनी आली. माझ्याच वयाची असेल. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. सिस्टरने माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणून ती माझ्याकडे आली.

"शेवटी तुम्ही होतात? तुम्ही कोण?"

"बाजूच्या पेशंटची सिस्टर."

"काही बोलली का?"

मला खोटं बोलता आलं असतं. नाही, झोपेतच गेल्या, असं वॉर्डात आम्ही शंभरदा सांगतो. पण मी सांगितलं. तिने 'आलीस' विचारलं आणि मी 'आले' म्हटलं, तेही सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल.

ती एक पाऊल पुढे आली. मग ओरडली. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "तुम्ही का म्हणालात आले? मी येत होते ना! ती माझी वाट बघत होती, ती थांबली असती. तुम्ही आले म्हणालात म्हणून ती गेली!"

ठकी, तो माझा आवाज होता. दारात उभं राहून सगळ्यांसमोर बोलणारा. आणि मी भिंतीला टेकून उभी होते. मला म्हणता आलं असतं की डॉक्टर आले होते, मी हाक मारली होती, मी नसते तर ती एकटीच गेली असती. सगळं तोंडाशी आलं होतं. पण तिला कोणाला तरी बोलायचं होतं आणि समोर मी होते. मी एक अक्षर काढलं नाही. बऱ्याच वेळाने तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, पिशवीसकट.

संध्याकाळी बाईंना मी सगळं सांगितलं, वहीसुद्धा दाखवली. त्यांनी पान खिडकीशी तिरकं धरून शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, शिक्षिका आहेत, काही तरी उलगडून सांगतील. वही मिटून परत दिली आणि म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही. तुमची बहीण कुठे राहते?"

मी सांगितलं.

"मग इथे काय करताय?"

मुलाने चार दिवसांची रजा दिली आहे. सोमवारच्या सकाळच्या गाडीने निघते, हे पत्र त्याआधी पोचेल असं बघते. तुला दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस, मी जिन्यात बसून राहीन.

चार वर्षांत मी तुला एक गोष्ट विचारलेली नाही. तू सांगशील अशी मला भीती वाटत होती. कालपासून ती विचारल्याशिवाय मला राहवत नाही. आईने शेवटी डोळे उघडले होते का? तुला तिने काही विचारलं का, आणि तू काय म्हणालीस?

पत्राने कळवू नकोस. मी आल्यावर सांग.

ताई